डोंगर घेतलात, माणसं का गाळलीत? नॅन शेपर्ड यांच्या मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

प्रति,
संपादक मंडळ आणि प्रकाशक.

आपलं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. हा निर्णय आपण घेतलात, पण उद्या दुसरं कुणीही तोच घेऊ शकेल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवतो आहोत.

सप्रेम नमस्कार.

नॅन शेपर्ड या स्कॉटिश लेखिकेची पुस्तकं मराठीत आणण्याच्या प्रस्तावावर आपण कळवलंत ते थोडक्यात असं. 'द लिव्हिंग माउंटन' हे स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म या डोंगरसमूहावरचं पुस्तक संक्षिप्त करून काढायचं. त्यातली वनस्पती, पशुपक्षी आणि माणसं यांच्यावरची तीन प्रकरणं 'माहितीवजा' म्हणून गाळायची. तिन्ही कादंबऱ्या घ्यायच्याच नाहीत, कारण त्यांतली बोली अनुवादात उतरत नाही आणि विषय मराठी वाचकाला परका आहे. सोबत मुखपृष्ठाचा नमुना आला: पाच पौंडांच्या नोटेवरचा चेहरा, मागे धुकं आणि खाली उपशीर्षक, 'पर्वतातील साधना'.

आम्ही काही अनुवादक आणि इंग्रजीचे शिक्षक आहोत. ही चारही पुस्तकं आम्ही ओळ न् ओळ वाचली आहेत, मूळ मजकूर आणि मराठी मसुदा शेजारी ठेवून कामही केलं आहे. एखादी परभाषिक लेखिका मराठीत पहिल्यांदा जशी येते तशीच ती पुढची पन्नास वर्षं ओळखली जाते. म्हणून हा निर्णय आम्हाला गप्प राहून स्वीकारता येत नाही.

आधी चेहऱ्याबद्दल. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने २०१६ साली काढलेल्या पाच पौंडांच्या नोटेवर शेपर्डबाई आहेत. कपाळावर पट्टा आणि त्यावर मधोमध एक खडा. हे पाहून लोकांना कुणी वनदेवता आठवते. प्रत्यक्षात तो फोटोच्या फिल्मचा तुकडा होता. फोटो काढून घ्यायला गेलेल्या तरुण नॅनने स्टुडिओत सापडलेली फिल्म गंमत म्हणून डोक्याला गुंडाळली आणि तिला ब्रोच लावला. एवढी एक ओळ आतल्या पानावर छापलीत तर फोटो वापरायला हरकत नाही. ती ओळ नसेल तर तुमचं मुखपृष्ठ आणि 'साधना' हे उपशीर्षक मिळून एक खोटी बाई उभी करतात. त्याच नोटेवर एक वाक्य आहे: जगायला परवानगी मिळणं ही मोठीच गोष्ट, अशा अर्थाचं. ते 'द क्वॉरी वुड' या कादंबरीतलं आहे, म्हणजे जी आपण नाकारलीत तिच्यातलं.

खरी बाई कोण होती? जन्म ११ फेब्रुवारी १८९३, अॅबरडीनजवळच्या पीटरकल्टरला. त्यानंतर लगेच घर कल्ट्सला आलं आणि जवळजवळ सगळं आयुष्य त्याच घरात गेलं. स्कॉटलंडच्या विद्यापीठांची दारं स्त्रियांना १८९२ मध्ये उघडली, म्हणजे बाईंच्या जन्माच्या फक्त एक वर्ष आधी. अॅबरडीन विद्यापीठातून त्या १९१५ साली एम. ए. झाल्या आणि तिथल्याच शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत १९५६ पर्यंत इंग्रजी शिकवत राहिल्या. काही विद्यार्थी तरी ठरलेल्या साच्यात पुरते बसू नयेत, हे आपलं देवाने नेमून दिलेलं काम आहे, असं त्या म्हणत. पुढे विद्यापीठाच्या नियतकालिकाचं संपादन केलं. घरी आजारी आईची शुश्रूषा केली. जेसी केसन या गरिबीतून वर आलेल्या तरुणीशी रेल्वेत गाठ पडली तेव्हा तिला लिहायला उद्युक्त केलं, आणि ती पुढे स्वतः नामांकित कादंबरीकार झाली. फेब्रुवारी १९८१ मध्ये शेपर्डबाई वारल्या. यात गुहा नाही, संन्यास नाही. सुट्टी मिळाली की डोंगरात जाणारी आणि सोमवारी वर्गावर हजर असणारी शिक्षिका आहे.

आता गाळलेल्या प्रकरणांकडे येतो. इथे जरा थांबावं लागेल.

'द लिव्हिंग माउंटन' शंभरेक पानांचं पुस्तक आहे, त्यात बारा प्रकरणं. क्रम असा: पठार, त्याच्या आतल्या खबदाडी, डोंगरांचा समूह, पाणी, हिम आणि बर्फ, हवा आणि प्रकाश, मग वनस्पती, मग पक्षी, प्राणी आणि कीटक, मग माणूस, त्यानंतर झोप, इंद्रियं आणि शेवटी 'असणं'. दगडापासून सुरुवात होते. दगडावर पाणी येतं, पाण्यावर जीव, जिवात माणूस, आणि मग माणसाचं शरीर त्या डोंगरात झोपतं, ऐकतं, वास घेतं. शेवटच्या प्रकरणात बाई म्हणतात की बौद्ध माणूस पर्वताच्या यात्रेला का जातो ते आता थोडंफार कळलं. हे वाक्य आधीच्या अकरा प्रकरणांच्या खांद्यावर उभं आहे. सातवं, आठवं आणि नववं काढलंत की 'इंद्रियं' आणि 'असणं' अधांतरी लोंबतात. उरतं ते सुविचारांचं पुस्तक, आणि बाईंनी ते लिहिलेलं नाही.

त्या तीन प्रकरणांत माहिती आहे, हे खरंच. पण कशी? वनस्पतींच्या प्रकरणात हेदर या झुडपाचे तीन प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. कोणतं आधी फुलतं, कोणतं ओलाव्यात वाढतं, आणि ऑगस्टमध्ये डोंगरच्या डोंगर जांभळा करून हवेत मधाचा वास भरणारं कोणतं. मॉस कॅम्पियन नावाचं गुलाबी फुलांचं उशीसारखं झुडूप येतं. त्याची मुळं वरच्या झाडोऱ्याच्या मानाने फार मोठी असतात, कारण वाऱ्यापुढे टिकायचं तर जमिनीखालीच जोर हवा. लहानपणी वडिलांनी स्टॅगमॉस ओळखायला शिकवलं, जमिनीवर पसरलेल्या लांब वेली न तोडता कशा सोडवायच्या ते दाखवलं, हेही तिथेच आहे. 'माणूस' या प्रकरणात वाटेवरच्या दगडांच्या खुणा, ओढ्यावरचे पूल, युद्धकाळात डोंगरावर कोसळलेलं विमान, लढाईसाठी तोडलेले पाइन आहेत. इन्व्हरीच्या मॅगी ग्रुअरसारखी, वाटसरूला दार उघडणारी खमकी माणसं आहेत. ही माणसं गाळून डोंगर 'जिवंत' कसा ठेवणार?

'जिवंत' या शब्दावरही आपला आक्षेप आहे: 'जिवंत डोंगर' कानाला विचित्र लागतं, त्यापेक्षा 'चैतन्यमय पर्वत' बरं. तसं नाही. मराठीत आपण 'जिवंत झरा' म्हणतो, आणि बाईंना अभिप्रेत असलेला अर्थ नेमका तोच आहे. ब्रेरीयाख या शिखराच्या सपाट माथ्यावर, सुमारे १,२२० मीटरवर, दगडांतून पाणी वर येतं. ते डी नदीचं उगमस्थान. ती नदी कड्यावरून खाली उतरून सुमारे १४० किलोमीटर वाहते आणि अॅबरडीनला समुद्राला मिळते. वाटेत कल्ट्स लागतं. म्हणजे बाईंच्या घराजवळून जन्मभर वाहिलेलं पाणी याच डोंगरातलं. 'चैतन्यमय' म्हटलं की हे सगळं पाणी आटतं.

अनुवादाच्या बाबतीत मराठीला इथे एक जन्मजात फायदा आहे. शेपर्डबाईंचा सगळा भर डोंगराच्या 'वर' जाण्यापेक्षा 'आत' जाण्यावर आहे. तरुणपणी त्यांनाही उंचीची नशा होती, पुढे ती गेली. आपण 'डोंगरावर गेला' आणि 'डोंगरात गेला' यांत फरक करतोच, आणि गुराख्याला कुणी 'डोंगरावर' पाठवत नाही. तो प्रत्यय सांभाळला की अर्धं पुस्तक आपोआप सांभाळलं जातं. आपण पाठवलेल्या अनुवादाच्या नमुन्याच्या सहा पानांत मात्र सगळीकडे 'शिखर सर करणे' आलं आहे. ते या पुस्तकाच्या अगदी उलट आहे.

केर्नगॉर्ममधल्या सर्वोच्च शिखराच्या उंचीबद्दलची तळटीपही बदलायला हवी. 'बेन मॅकडूई (१,३०९ मीटर) आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) लहान आहे' हे बरोबर. पण एवढंच सांगितलं तर वाचकाला वाटेल, त्यात काय मोठंसं! केर्नगॉर्म ५७ अंश उत्तरेला आहेत. माथ्यावरची झाडंझुडपं आर्क्टिक प्रदेशातल्यासारखी आहेत. त्यांतल्या केर्न गॉर्म याच नावाच्या शिखराच्या माथ्यावर मार्च १९८६ मध्ये ताशी १७३ मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली. तळटीप अक्षांशाची आणि वाऱ्याची हवी. आणखी एक: बाई या सगळ्या समूहाला एकच डोंगर मानतात. पठार हाच खरा माथा, वेगवेगळी शिखरं म्हणजे त्या पठारावर उठलेले भोवरे. तेव्हा 'पर्वतरांगा' नको. 'सडा' हा कोकणातला शब्द फार मोह घालतो, पण सडा म्हटलं की डोळ्यांपुढे जांभा येतो, आणि हा ग्रॅनाइट आहे. 'पठार'च बरं.

शब्दांच्या याद्या मागितल्यात, तर नमुन्यात घसरलेल्या पाच-सहा जागा इथेच देतो. सरोवराला 'लॉक' नको, 'लॉख' लिहा. तो घशातला उच्चार इंग्रजांना जमत नाही, आपल्या 'ख'ने बराच जवळ जाता येतं. 'लॉख अॅव्हन' हा उच्चार चूक, स्थानिक माणूस 'आन' म्हणतो. हिमनदीने डोंगराच्या कुशीत कढईसारखा कोरलेला खळगा म्हणजे 'कॉरी'. तो 'कोरी' असा छापलात तर वाचक कोऱ्या कागदावर जातो, 'दरी' म्हटलंत तर आकारच बदलतो. 'टार्मिगन' या पक्ष्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला पहिला 'पी' मूक आहे. 'डॉटरेल'ला पक्षिसूचीतून 'चिखल्या' हे नाव दिलं आहे; कुळ बरोबर, पण हा पक्षी कोरड्या दगडाळ माथ्यावर राहतो, त्याला चिखलात उतरवू नका. आणि 'बर्न' म्हणजे ओहोळ. नमुन्यात एके ठिकाणी डोंगर 'जळतो' आहे.

यावरून कादंबऱ्यांकडे वळतो. आमची सर्वांत मोठी तक्रार तीच आहे.

'द क्वॉरी वुड' (१९२८), 'द वेदरहाऊस' (१९३०), 'अ पास इन द ग्रॅम्पियन्स' (१९३३). पाच वर्षांत तीन कादंबऱ्या, १९३४ मध्ये कवितासंग्रह. डोंगराचं पुस्तक त्यानंतरचं, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातलं. बाईंनी ते नील गन या कादंबरीकार मित्राला दाखवलं. त्याला आवडलं, पण प्रकाशक मिळायचा तर नकाशे आणि फोटो घाला असं त्याने सुचवलं. एका प्रकाशकाने सभ्य शब्दांत परत पाठवलं, आणि हस्तलिखित ड्रॉवरमध्ये गेलं ते १९७७ मध्ये अॅबरडीन युनिव्हर्सिटी प्रेसने छापेपर्यंत. म्हणजे बाई हयात असताना बहुतेक काळ वाचकांना ठाऊक होती ती कादंबरीकार. कादंबऱ्या वगळून त्यांची ओळख करून देणं म्हणजे झाडाचा शेंडा कापून आणून त्याला झाड म्हणणं.

'विषय परका' आहे का, तेवढं बघा. 'द क्वॉरी वुड'ची मार्था आयर्नसाइड गरीब, गलबल्या घरातली मुलगी. आई पैशांसाठी परकी मुलंही घरात सांभाळते. मार्था हट्टाने शिकते, विद्यापीठात जाते. तिथे मैत्रिणीच्या नवऱ्यात, ल्यूकमध्ये, तिचा जीव गुंततो. पण तिला शहाणं करते ती नात्यातली म्हातारी, जोसेफीन. नवव्या वर्षी मार्थाने तिला लाथ मारलेली असते. चोविसाव्या वर्षी, एकोणऐंशीची म्हातारी मरायला नाखूश असताना मरते तेव्हा, मार्थाला कळतं की आपल्याला शहाणपण हिनेच शिकवलं. शिकलेली मुलगी आणि मागे राहिलेलं घर, यात मराठी वाचकाला परकं काय आहे? 'द वेदरहाऊस'मध्ये पहिल्या महायुद्धाचा काळ आहे आणि पुरुष लढाईवर गेल्यावर उरलेलं बायकांचं गाव. आघाडीवरून आजारी होऊन परतलेला गॅरी फोर्ब्स एका बाईचं खोटं उघड करायला निघतो. मेलेल्या मित्राशी आपलं लग्न ठरलं होतं, असं ती सांगत असते. उघड करता करता त्याला कळतं की खरं आणि खोटं एवढं सोपं नाही. या शीर्षकाचं कृपया 'हवामानगृह' करू नका, ते वेधशाळेसारखं वाटतं. 'वेदरहाऊस' तसंच राहू द्या. तिसरी कादंबरी आकाराने लहान: मेंढ्या पाळणारं एक घर, आणि नाव कमावून गावी परतलेली भपकेबाज गायिका. ती सर्वांत शेवटी केलीत तरी चालेल.

आता बोली 'उतरत नाही' हा मुद्दा. उतरते. मेहनत लागते. ही ईशान्य स्कॉटलंडची, स्कॉट्स भाषेची बोली; तिला डोरिक म्हणतात. तिच्यात इंग्रजीच्या 'what', 'who' यांतल्या 'wh'च्या जागी 'फ' येतो. 'फिट' म्हणजे काय, 'फा' म्हणजे कोण, 'फार' म्हणजे कुठे. हे ठाऊक नसेल तर अनुवादक 'फार'चं 'दूर' करून बसतो. 'लून' म्हणजे मुलगा, त्याचा वेडाशी संबंध नाही. 'क्वाइन' म्हणजे मुलगी. 'ग्रीट' म्हणजे रडणं; त्याचं 'अभिवादन' झालं की सुतकाच्या घरात नमस्कार सुरू होतात. म्हणून कामाची पद्धत अशी ठेवावी. पहिल्या वाचनात एकही वाक्य अनुवादित न करता फक्त स्कॉट्स शब्दांखाली रेघ मारायची. ओळखीचे वाटणारे शब्द आधी तपासायचे, कारण फसवतात तेच. स्कॉट्स भाषेचा मोठा शब्दकोश इंटरनेटवर विनाशुल्क आहे. चारही पुस्तकं एकत्र असलेला, कॅनोंगेट या प्रकाशनसंस्थेचा १९९६ चा खंड हाताशी ठेवायचा. मग संवाद मोठ्याने वाचायचे.

मराठीत ते कोणत्या बोलीत घालायचे, हा खरा अवघड प्रश्न. सगळं प्रमाण भाषेत घातलं तर कथानकच नाहीसं होतं, कारण मार्थाची विद्यापीठातली भाषा आणि घरची भाषा यांतलं अंतर हीच तिची गोष्ट आहे. चार बोलींचं कडबोळं केलं तर नाटकातला गावंढळ नोकर तयार होतो. आमचं मत असं: अनुवादकाच्या स्वतःच्या घरात बोलली जाते तीच एक बोली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. ती साताऱ्याकडची असेल किंवा वऱ्हाडी. मात्र ती हसण्यासाठी नको. जोसेफीनचं सगळं शहाणपण डोरिकमध्ये आहे. निवेदन इंग्रजीत असलं तरी त्यातही स्कॉट्स शब्द झिरपत राहतात, ते मराठी निवेदनातही झिरपू द्यावेत. 'द लिव्हिंग माउंटन'च्या १९७७ च्या प्रस्तावनेत, वयाच्या ऐंशीनंतर, बुलडोझर डोंगरात घुसतात हे सांगायला बाईंना इंग्रजी क्रियापद पुरलं नाही. त्यांनी 'बर्झ' हा स्कॉट्स शब्द वापरला: रेटत, चेपत आत शिरणं. आपल्या नमुन्यात तिथे 'प्रवेश करतात' आहे. 'मुसंडी मारतात' करा.

नातेसंबंधांचंही असंच. जोसेफीन इंग्रजीत नुसती 'ग्रँड-आँट'. मराठीत ती मावशीआजी की आत्याआजी हे ठरवावंच लागतं, आणि ठरवायला आईच्या माहेरचं आडनाव शोधावं लागतं. 'आंटी' लिहून सुटका करून घेऊ नये.

शेवटी हक्क. शेपर्डबाई १९८१ मध्ये वारल्या, म्हणजे भारतीय कायद्याने त्यांचं लेखन २०४१ अखेरपर्यंत संरक्षित आहे. 'जुनं पुस्तक आहे, चालून जाईल' असं आपल्या उत्तरात सुचवलं गेलं आहे. ते चालणार नाही. अनुवादाची लेखी परवानगी घ्यावी लागेल, आणि संक्षेप करायचा असेल तर तो परवानगीत स्पष्ट मागावा लागेल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. 'द लिव्हिंग माउंटन' बाराच्या बारा प्रकरणांसह, मूळ क्रमाने आणि १९७७ च्या प्रस्तावनेसह छापा. जमत नसेल तर पुस्तक घेऊच नका, दुसऱ्यांना घेऊ द्या. 'पर्वतातील साधना' हे उपशीर्षक काढा. 'द क्वॉरी वुड'चा निर्णय पुन्हा विचारात घ्या आणि तो एका बोलीत केलेली वीस पानं वाचल्यावर घ्या. ती पानं आम्ही विनामोबदला देऊ. शब्दसूची आणि उच्चारसूची पुस्तकाच्या शेवटी द्या, अनुवादकाच्या नावासह. आणि परवानगीचा अर्ज जाईपर्यंत जाहिरात थांबवा.

सुधारलेल्या सहा पानांची प्रत, प्रत्येक दुरुस्तीचं कारण समासात लिहून, या पत्राबरोबर आपल्या कार्यालयात पाठवली आहे.

आपले,
काही अनुवादक आणि शिक्षक